असलं पाखरूच न्हाई

आक्का,

तुझ्या दहाव्याच्या दिवशी मी हसले. लोकांना ते रडणं वाटलं, ते बरं झालं.

झालं असं, की नदीवरून माणसं परत आली, जेवणं उरकली आणि बायका तुझ्या ओसरीवर टेकल्या. मग एकेकीनं तुझ्याविषयी चांगलं बोलायला सुरुवात केली. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "गोजरा म्हंजी गाय व्हती गाय. कवा कुणाला उलटून बोलली न्हाई." मी तुझ्या मनूकडं बघितलं. मनूनं माझ्याकडं बघितलं. आणि तुझी ही पोटची पोर ओठ चावत खाली मान घालून बसली. तिथं माझा धीर सुटला. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलायचे थांबेनात. म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडू द्या तिला. नणंदेवर लई जीव व्हता."

जीव होता हे खरं. पण गाय? तेलगावच्या बाजारात एका भाजीवालीनं "भेंडी मोडून बघू नका" म्हटलं, तर तू तिच्याच पाटीशेजारी फतकल मारलीस आणि कवळी भेंडी कशी ओळखायची ते तिला शिकवलंस. मागं गिऱ्हाईकं खोळंबली होती. एसटीत "पुढं सरका, पुढं सरका" करणाऱ्या कंडक्टरला तू म्हणालीस, "पुढं डायवर हाय, त्याच्या मांडीवर बसू का?" अख्खी गाडी हसली आणि कंडक्टर दिंद्रुड येईपर्यंत गप्प बसला. आणि मी नवी नवरी म्हणून या घरात आले, थोरली नणंद म्हणून तुला भीत भीत "आक्का, तुम्ही" म्हणाले, तेव्हा काय म्हणालीस? "तुमी-तुमी कावून करायलीस? मी काय तलाठीण हाय का?" त्या दिवसापासून तू "तू" झालीस, ती आजवर.

तू माझ्या नवऱ्याची, भास्करची, मोठी बहीण. गावातच दिलेली, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. त्यामुळं आपली भांडणं रोजची आणि ताजी असायची. आमटीत कूट किती, पापडाला ऊन कुठलं, भास्कर लहानपणी जास्त लाडका होता की तू, सगळ्यावर भांडून झालं. ती सगळी मिटली. एकच राहिलं. ते पुरं व्हायच्या आत तू उठून गेलीस.

तेही जमिनीवरून नाही, सोन्यावरून नाही. एका मूठभर पाखरावरून.

मनू पहिलीत होती तेव्हापासूनचं हे. त्याआधी तू आणि दाजी तिला बरोबर घेऊन ऊस तोडायला जायचात, कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात. दिवाळी झाली की टोळीबरोबर गाडीत बसायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचं. शाळेत नाव घातल्यावर तू पोरगी माझ्याकडं ठेवलीस. आम्हाला लेकरू नव्हतं. मी अंगणवाडीची ताई, बारा महिने गावात. तू म्हणालीस, "धा घरची लेकरं सांभाळतीस, त्यात मपलं एक."

गाडी गेली त्या दिवशी मनू जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतनं सुटली आणि घरी आलीच नाही. मी शोधत गेले, तर अंगणवाडीच्या मागं जो खडकाळ माळ चढत जातो, त्याच्यावर एका धोंड्यावर बसलेली. तिथनं डांबरी रस्ता दिसतो, गाडी गेली तो. मी लांबूनच थांबले. मला वाटलं, आता काय बोलावं हिच्याशी? मुलांना गाणी शिकवणारी बाई मी, पण त्या वेळी एक ओळ आठवेना.

आणि तेवढ्यात पोरगी हसली.

जवळ गेले तर मला म्हणाली, "शू! मामी, हळू. ते मला राम राम घालायलंय." समोरच्या दगडावर एक पाखरू बसलं होतं. चिमणीएवढं. वाळल्या मातीच्या रंगाचं, गळा काळाभोर, शेपटी काळी. उभं कसं, तर शाळेच्या रांगेत उभं केल्यासारखं ताठ. आणि मध्येच असं पटकन वाकायचं, शेपटी हलवायची, पुन्हा ताठ. मनूनं वाकून दाखवलं. ते वाकलं. मग खाली उडी मारून त्यानं एक किडा पकडला, तुरुतुरु पळत दुसऱ्या दगडावर गेलं, आणि उडालं तेव्हा पाठीमागं पांढरं चमकलं. मनू म्हणाली, "चड्डी पांढरी हाय त्याची." त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली.

आता सांग, तू म्हणायचीस तसं यात मी काय रचलं?

तेव्हा टोळीत एकच मोबाइल, मुकादमाचा. आठवड्यानं कधीतरी तुझा फोन यायचा. मागं कोयत्यांचा आवाज, कुणीतरी ट्रॅक्टरला शिव्या देतंय, आणि तू ओरडून ओरडून बोलायचीस, जसं काही फोनशिवायच आवाज पोचवायचा आहे. मनू सांगायची, "आई, माळावर पाखरू हाय, मला राम राम घालतंय." तू म्हणायचीस, "घालतंय व्हय? घाल म्हणावं." मग फोन माझ्याकडं यायचा आणि तुझा आवाज बदलायचा. "रत्ने, बरं केलंस. असंच कायतरी सांगत जा तिला."

"अगं, सांगत नाही, खरंच आहे."

"हां हां, खरंच हाय. मी कुठं न्हाई म्हणायले?"

पाडव्याला तू आलीस. गाठोडं खाली ठेवायच्या आत पोरगी उचललीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेला पदर खोचून म्हणालीस, "चल, दाव तुमचं पाखरू." आपण तिघी माळावर गेलो. ऊन तापलेलं, दगड तापलेले. एक होला होता, दोन साळुंख्या होत्या. ते नव्हतं. थंडी सरली की ते जातं, हे तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं. तू कमरेवर हात ठेवून सगळा माळ न्याहाळलास आणि माझ्याकडं बघून डोळा मारलास. मनूला दिसू नये असा. "लई भारी पाखरू हाय," म्हणालीस.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तू दिवाळीला जायचीस, पाखरू यायचं. पाखरू जायचं, तू यायचीस. आपल्या वाडीतली अर्धी माणसं ऊस तोडायला जातात, म्हणजे अर्ध्या गावानं ते कधी बघितलंच नव्हतं. ज्यांनी बघितलं ते म्हातारे आणि लेकरं. तुझ्या बाजूनं साक्षीदार भक्कम होते, माझ्या बाजूनं कुणाला दिसत नव्हतं तर कुणाला दात नव्हते.

"मी गेले की येतंय, मी आले की जातंय," तू पाणवठ्यावर सगळ्या बायकांत म्हणालीस. "माझं काय देणं लागतंय का ते?"

दाजींना मध्ये घातलं. दाजी म्हणजे कुणाच्याच बाजूनं न बोलण्यात तरबेज माणूस. ते तंबाखू चोळत म्हणाले, "असंल बी. नसंल बी." तू म्हणालीस, "ह्यांना इचारलं तर ह्ये माझ्याबी बाबतीत असंच सांगतील."

मग नावाचं झालं. मनू सहावीत होती. शाळेत पक्ष्यांचं एक चित्रांचं पुस्तक आलं होतं. ती पळत घरी आली, "मामी, घावलं! हे बघ!" तोच काळा गळा, तोच ताठा. खाली नाव होतं, रणगोजा. मराठीत नाव आहे म्हणून मला केवढा आनंद झाला! उन्हाळ्यात ते वर डोंगराळ मुलखात असतं, ओसाड, दगडधोंड्यांच्या प्रदेशात, आणि तिकडं बर्फ पडायला लागला की आपल्याकडं येतं, असंही त्यात लिहिलं होतं. मनूनं संध्याकाळच्या फोनवर तुला सांगितलं, "आई, त्याचं नाव रणगोजा हाय."

पलीकडं तुझं ओरडणं एकदम खाली आलं.

"काय नाव म्हनलीस?"

"रणगोजा."

"फोन दे मामीला."

मी फोन घेतला. "रत्ने," तू म्हणालीस, "पाखरू काढलंस, मी काय बोलले न्हाई. पोरीचं मन रमतंय तर रमू दे म्हनलं. पर त्याला मपलं नाव कावून दिलंस? गोजरा रानात मरमर मरायली म्हणून रणगोजा व्हय? लई इनोद सुचायलाय का?"

मी काय सांगणार? सांगितलं ते तुला पटलं नाही. त्या पाडव्याला तू आलीस आणि आमच्या दारात बसून राहिलीस, आत पाऊल टाकलं नाहीस. चहा बाहेर मागितलास. मी शाळेतनं ते पुस्तक मागून आणलं, तुझ्यापुढं धरलं. तू चित्राकडं बराच वेळ बघितलंस. "ही चिमणी हाय," म्हणालीस. "चुलीत तोंड घातलेली." अक्षरावर बोट ठेवून मी नाव वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "छापतेत कायबी. मला कुठं वाचाया येतंय?" पण चहा संपल्यावर कप ठेवायला आत आलीस. मग तिथंच बसून लसूण सोलायला लागलीस. तुझा राग असा लसणाच्या पाकळीसारखा सुटायचा, हे मला ठाऊक होतं.

असं करत पोरगी मोठी झाली. शिकली. नर्स झाली आणि बीडच्या एका दवाखान्यात लागली. पहिल्या सुट्टीला आली तेव्हा तिनं तुझा गुडघा दाबून बघितला आणि एखादी डॉक्टरीणबाई बोलावी तशी बोलली, "आई, आता कोयता बंद. दोघांचाबी." तू मुकादमाशी भांडलेली बाई, पण पोरीपुढं काही चाललं नाही. आतून तुला बरंही वाटलं असावं, कारण तू फक्त एवढंच म्हणालीस, "मग थंडीत मी करू काय?"

ती थंडी मी विसरणार नाही, आक्का. स्वतःच्या गावात तुझा तो पहिला हिवाळा. तू पाहुणीसारखी हिंडत होतीस. "रत्ने, आपल्यात तूर अशी पिवळी हुती व्हय?" "रत्ने, सकाळचं एवढं धुकं पडतंय?" संक्रांतीला वाण द्यायला तू नवी साडी नेसून सगळ्या घरी गेलीस, आणि परत येऊन म्हणालीस, "अर्ध्या घरांना कुलूप हाय. मीबी अशीच कुलूप लावून गेलते की." मग डबा पुढं सरकवलास आणि म्हणालीस, "तिळगूळ उरलाय. खा." आपण दोघींनी डबा संपवला.

पण पाखराचं मी विसरले नव्हते. म्हटलं, आता ही कुठं पळते? कार्तिकातच तुला माळावर नेलं. काही दिसलं नाही. तू गावात दवंडी पिटवायचीच बाकी ठेवलीस. नळावर, गिरणीत, दुकानात, जाईल तिथं, "गेलतो आमी. न्हाई दिसलं. असलं पाखरूच न्हाई." दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दाजी बरोबर आले. मला ते एका दगडावर दिसलंही, मी बोट दाखवलं, तेवढ्यात दाजी असे खोकले की माळावरचं एकूण एक पाखरू उडालं. "मला दिसलं जनू कायतरी," दाजी म्हणाले. "का न्हाईबी दिसलं."

तिसऱ्यांदा आपण दोघीच होतो. पाखरासाठी नव्हतोच गेलो. शेळी सुटली होती, तिला हुडकत होतो. तुझ्या चपलेत काटा मोडला, तू धोंड्यावर बसून चप्पल उलटी केलीस आणि पिनेनं काटा उकरायला लागलीस, तोंडानं शेळीच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. आणि ते येऊन बसलं. तुझ्यापासून हातभर म्हणावं इतक्या जवळ. मी आवाज केला नाही. तुझी शिवी अर्ध्यात थांबली. तू मान वर केलीस.

ते ताठ उभं राहिलं. वाकलं. शेपटी हलवली. पुन्हा ताठ.

तू हातात चप्पल घेऊन तशीच बसलीस. त्यानं खाली उतरून तुझ्या पायाजवळचा मुंगळा उचलला, पुन्हा दगडावर चढलं, पुन्हा वाकलं. आणि आक्का, तू वाकलीस. अगदी थोडी. तुला वाटलं मला दिसलं नाही. ते उडालं, पांढरं चमकलं, आणि तू म्हणालीस,

"एवढंसं?"

मला जिंकल्याचा एवढा आनंद झाला होता, की मी तिथंच टाळी वाजवली. "झालं ना? पटलं ना आता? एवढी वर्षं मला खोटी पाडलीस." तू चप्पल पायात घातलीस, उठलीस, लुगडं झटकलंस. आणि म्हणालीस, "ह्ये खरं हाय. डोळ्यानं बघितलं, न्हाई कसं म्हनू? पर मनूच्या लहानपणीचं त्ये तू रचलेलंच."

"अगं, तेच हे!"

"ह्ये आत्ता आलंय. तवा नव्हतं."

"पुस्तकात चित्र होतं, ते?"

"त्ये ह्याचंच असंल. तवा तू रचलंस, मागनं खरं निघालं. असं हुतंय कधी कधी."

तुझ्याशी वाद घालणं म्हणजे विहिरीत घागर सोडून दोर तुझ्या हातात देण्यासारखं. घागर वर कधी येईल ते तू ठरवणार. त्या दिवसापासून भांडणाचं नवं पर्व सुरू झालं. एकीकडं तू त्या पाखराची अशी मालकीण झालीस की विचारू नये. शेळ्या तिकडं वळल्या तर मेंढक्याला ओरडायचीस, "माझं पाखरू बुजवू नको!" नावाचा राग केव्हाच उडाला होता. आलेल्या-गेलेल्याला सांगायचीस, "पुस्तकात हाय. सरकारनं मपलं नाव दिलंय त्याला." मी सरकारचा काही संबंध नाही म्हटलं, तर तू म्हणालीस, "मग कुणी दिलंय? तूच दिलंस ना? बघ, कबूल झालीस."

आणि दुसरीकडं तुझं तेच. लहानपणीचं ते रचलेलं. मनू सुट्टीला यायची आणि आपल्या दोघींच्या मध्ये बसून हसून हसून लोळायची. "आई, मी स्वतः बघितलंय गं." "तू ल्हान हुतीस. तुला मामीनं जे दावलं ते तू बघितलंस."

असे दोन हिवाळे आपल्याला मिळाले. मला ते पुष्कळ वाटतात. तू आणि मी दुपारची भांडी आवरून माळावर जायचो, दगडांवर पाय सोडून बसायचो. तू तिकडच्या गोष्टी सांगायचीस. उसाच्या फडात ससा कसा निघाला आणि टोळीतले सगळे गडी त्याच्या मागं कसे धावले आणि शेवटी दाजींच्याच दोन पायांमधून तो कसा निसटला. कोल्हापूरकडचे लोक कसे बोलतात त्याची नक्कल करायचीस. इतकी वर्षं तू मला फक्त उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भेटलेली. हिवाळ्यातली तू वेगळीच निघालीस. सैल, रिकामी, पाय हलवत बसणारी.

वैशाखात तुझ्या छातीत दुखलं. मनूनं तिच्याच दवाखान्यात तुला नेलं. मी एसटीनं बीडला आले, डब्यात तुझ्यासाठी मऊ खिचडी घेऊन. तू कॉटवर बसलेली, नाकाला नळी, आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईला तिची सून कशी चुकते ते समजावत होतीस. मला बरं वाटलं. म्हटलं, हिला काही होत नाही.

खिचडी खाऊन झाली. मी उगीच तुला चाळवायला म्हटलं, "आता तरी कबूल कर. लहानपणीचंही खरं होतं."

तू नळी जरा बाजूला केलीस. म्हणालीस, "रत्ने, तू शिकलेली हायस, पर तुला एक कळंना. फोनवर पोरगी हसायची ना, तवा माझ्या हातातला कोयता हलका व्हायचा. आता तू म्हनतीस, त्ये पाखरानं हसवलं. पाखरानं पोरगी सांभाळली व्हय? पाखरानं तिला न्हाऊ घातलं? ताप आला तवा पाखरू बसलं उशाला? उद्या लोकं म्हनतील, गोजराच्या पोरीला एका पाखरानं वाढवलं. मी न्हाई म्हनू द्यायची. त्ये तू रचलेलं. तूच हसवलंस तिला. मरूस्तोवर मी ह्येच सांगणार."

मी उठून उभीच राहिले. तेवढ्यात मनू आली, तिच्या पांढऱ्या कपड्यांत, आणि तिनं दोघींना दटावलं, "ही भांडायची जागा आहे का? आई, नळी लाव. मामी, तू खाली बस." आपण दोघी शाळेतल्या पोरींसारख्या गप्प बसलो. तू माझ्याकडं बघून डोळा मारलास. मनूला दिसू नये असा.

मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. आठवड्याभरात तू गेलीस. तू शब्द पाळलास, आक्का. मरूस्तोवर तेच सांगत राहिलीस.

आता तुझ्या घरचं सांगते. दाजी आमच्याकडं जेवतात. पहिले दिवस नुसते ताटाकडं बघायचे. परवा भास्करनं विचारलं, "दाजी, आमटी तिखट झालीय का?" दाजी म्हणाले, "असंल बी." आणि मग स्वतःच हसले. आम्हीही हसलो. माणूस परत यायला लागलाय. काल त्यांनी स्वतः भाकरी थापायचा हट्ट धरला. थापली. आकार सांगत नाही, पण शेळीनं आवडीनं खाल्ली.

एक गोष्ट मात्र मी तुला इतकी वर्षं सांगितली नव्हती. तू फोनवर विचारायचीस, "रडती का गं?" आणि मी म्हणायचे, "छे, अजिबात नाही. मजेत आहे." तुझा हात कोयत्यावर नीट राहावा म्हणून म्हणायचे. पण कधी कधी वाटायचं, तू फोन ठेवल्यावर मनात म्हणत असशील, पोरीला आपली आठवणच येत नाही. तर ऐक. दरवर्षी जायच्या दिवशी सकाळी तू तिला पुढ्यात घेऊन बसायचीस, डोक्यावर तेल थापायचीस आणि दोन वेण्या घालायचीस, अशा घट्ट की पोरीचे डोळे ताणले जायचे. त्या वेण्या ती मला सोडू द्यायची नाही. कंगवा हातात घेतला की पळायची. "आईनं घातल्यात," एवढंच म्हणायची. तेल वाळायचं, केस सुटून झिपऱ्या व्हायच्या, शाळेतल्या बाईंचा निरोप यायचा, तरी नाही. एका वर्षी तर डोकं उवांनी भरलं, आणि शेवटी मी तिला झोपेत धरून वेण्या सोडल्या. सकाळी तिनं आरशात बघितलं आणि माझ्याशी दिवसभर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा माळावर गेली आणि पुन्हा हसली, तेही खरं. पण पोरगी तुला विसरली नव्हती. एकाही थंडीत नाही.

आज सकाळी मनूची रजा संपली. बीडची गाडी गाठायची होती. बॅग भरून झाली आणि ती केसांची क्लिप काढून, तेलाची बाटली घेऊन माझ्या पुढ्यात येऊन बसली. म्हणाली, "मामी, वेणी घाल."

मी म्हटलं, "एवढी मोठी नर्सबाई तू, आणि चपचपीत तेल लावून जाणार?"

"घाल. घट्ट घाल."

मी घातली. मला तुझ्यासारखी जमत नाही, माझा हात हलका. पण आज जोर लावून पेडावर पेड ओढला, पार शेवटपर्यंत. शेवटच्या पेडाला ती कळवळून ओरडली, "आई गं!"

बाहेर रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. मी रबर गुंडाळलं, तिनं बॅग उचलली, वाकून माझ्या पाया पडली आणि पळतच गेली.

तिनं हाक कुणाला मारली, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

तुझी,
रत्ना